गुरुवारचं तेल

हैदराबाद,
८ जुलै १९९१

प्रिय कमल,

तुझं मागचं पत्र चार ओळींचं होतं, आणि त्यातली एक ‘बाकी ठीक’ अशी. शाळेत सिस्टर अगाथांनी आपल्याला पत्रलेखन शिकवलं ते यासाठी का? त्यांच्या तासाला तू ‘गावाकडची सुट्टी’ या विषयावर वही संपवली होतीस, आणि आता मानवतसारख्या गावात राहून तुला लिहायला काही मिळत नाही!

ठीक आहे, मी लिहिते. आपल्या कॉन्व्हेंटच्या वर्गातल्या ज्या कोणी हिंडत्या-फिरत्या उरल्या आहेत, त्या दिवाळीनंतर माझ्याकडे जमणार आहेत. मेहरू गुलबर्ग्याहून येते आहे. तिने आत्तापासून पत्र पाठवून विचारलंय, ‘कमल येणार असेल तरच येते, तुम्हा बाकीच्या म्हाताऱ्यांना कोण भेटणार?’ तेव्हा तू आलंच पाहिजेस.

दुसरं काम. माझा उजवा गुडघा मला आता सरळ सरळ शिव्या देतो. सोनपेठच्या आमच्या जाऊबाई सांगत होत्या, तुझ्या त्या तेलाची कीर्ती तिथपर्यंत गेली आहे. त्यांचा बन्सीधर, तोच आता इथे पोटाचा मोठा डॉक्टर झालाय, तो हसला. मी त्याला म्हटलं, हसू नकोस, इंग्लंडमध्ये चार वर्षं राहून तुला आईचा गुडघा बरा करता आला नाही. एक बाटली पाठव.

तुझी,
नर्मदा


मानवत,
२ ऑगस्ट १९९१

प्रिय नर्मदे,

बाटली कुसुमच्या भाच्याबरोबर पाठवली आहे. झोपताना कोमट करून लाव आणि तासभर हलू नकोस. जुन्या चादरीवर झोप, डाग जात नाही. माझ्या सासूबाईंनी जाताना कपाटाच्या चाव्या थोरल्या जाऊबाईंना दिल्या आणि तेलाची कृती मला. तेव्हा मला वाईट वाटलं होतं. आता वाटतं, कपाटात होतं काय?

हे गेल्यापासून आणि मुलगा पुण्याला गेल्यापासून माझा आठवडा गुरुवारपासून गुरुवारपर्यंत असतो. निर्गुडीचा पाला, करंज, तीळ. बुधवारी कढई, गुरुवारी दुपारी ओसरीवर सतरंजी. चांगुणाबाई येते, तानुबाई येते, केशरबाई येते, त्यांच्या मागे आणखी कोणी कोणी. पाय लांब करून बसतात, मी एकेकीच्या गुडघ्यांना तेल चोळते आणि गावातली यच्चयावत बातमी मला बसल्या जागी मिळते. मी मांडी घालून बसते आणि हात न टेकता उठते. तानुबाई दर वेळी बोट दाखवून म्हणते, “बघा गं, ह्याला म्हंत्यात तेलाचा गुन!” या वयात अशी टाळी कुणाला मिळते?

दिवाळीनंतरचं जमेलसं वाटत नाही. एसटीचा एवढा प्रवास, आणि मागे गुरुवार बुडतात. मेहरूला माझा सलाम सांग. मी हल्ली दूध सोडलं आहे आणि बरीच हलकी झाले आहे. जुने ब्लाउज आत घ्यावे लागले.

बाकी ठीक.

तुझी,
कमल


हैदराबाद,
१४ सप्टेंबर १९९१

प्रिय कमल,

पुन्हा ‘बाकी ठीक’!

तेल महिनाभर लावलं. गुडघा जसा होता तसा आहे. वास मात्र अख्ख्या गल्लीला आवडला. शेजारच्या बेगमसाहेबांनी निरोप पाठवला की, आपके यहाँ क्या पक रहा है? तरी लावते आहे. कदाचित माझा गुडघा हैदराबादी आहे, त्याला सगळं सावकाश लागतं.

पण मी तुझ्यावर रागावले आहे. गुरुवार बुडतात म्हणे! खरं काय ते सांग. भाऊजी गेले तेव्हा मी वेळेवर पोचले नाही, त्याचं मनात ठेवलं आहेस का? ठेवलं असशील तर भांडायला तरी ये.

आणि हलकी कशी झालीस? काय खातेस, काय सोडलंस, सगळं लिहून पाठव. मी भात सोडून बघितला, दोन दिवसांत नोकरांवर ओरडायला लागले. तू लहानपणापासून नशीबवान. माझं वजन मेहरूला कळायच्या आत काहीतरी कर.

तुझी,
(आणि तुझ्याहून दुप्पट) नर्मदा


मानवत,
१० ऑक्टोबर १९९१

आदरणीय नर्मदाताई,

सप्रेम जयभीम. माझं नाव कुसुम. कमलताईच्या पत्रांतून तुम्ही मला ओळखत असाल. इथल्या शाळेत आम्ही वीसेक वर्षं एका टेबलाला बसलो, ती इंग्रजीची, मी भूगोलाची. ती मला म्हणाली, “कुसुम, हे नर्मदेला कळवलंस तर मी तुझ्याशी बोलणार नाही.” म्हणून कळवते आहे.

तिचं पोट वर्षभराहून जास्त दिवस बिघडलेलं आहे. अगदी पाण्यासारखं होतं. दिवसा होतं, रात्री झोपेतून उठवतं. लागलं की थांबता येत नाही, म्हणून ती घराबाहेरच पडत नाही. एसटीची भीती त्याचीच आहे, तुमच्यावर तिचा काही राग नाही. परवा ती मोरीत चक्कर येऊन पडली. इथल्या डॉक्टरांनी सलाईन लावलं, म्हणाले अंगातलं पाणी आणि क्षार गेलेत. दोन दिवस बरं वाटलं, पुन्हा तेच.

तुम्हाला एक गोष्ट सांगते, कारण तिचा मला अजून त्रास होतो. यंदा बाबासाहेबांची जन्मशताब्दी, आणि विद्यापीठाच्या नामांतराचं अजून तसंच लोंबकळतंय. आमच्या समाजमंदिरात त्याची बैठक होती. अशा बैठकीला कमलताई इतकी वर्षं न चुकता येते, पुढच्या रांगेत बसते, तिच्या भावकीला आवडो न आवडो. या वेळी दारापर्यंत आली, आत बघितलं आणि परत फिरली. लोक म्हणाले, “बघा, बाई बी फिरली शेवटी.” घटकाभर मलाही तसंच वाटलं, ताई. दुसऱ्या दिवशी भांडायला म्हणून गेले तर ही अंथरुणात. म्हणाली, “तिथे मागे जायला जागा नाही गं, मी बसू कशी?”

तिच्या आईचं असंच झालं होतं, झिजत गेली. कमलताई बोलत नाही, पण तिच्या मनात तेच आहे. म्हणून मोठ्या दवाखान्यात जायला तयार नाही. तुम्ही बोलवा. तुमचं ऐकेल.

आपली,
कुसुमबाई


हैदराबाद,
१७ ऑक्टोबर १९९१

कमल,

मी तुला विचारत होते, बारीक कशी झालीस, मलाही शिकव! पत्र पोचल्यावर तू काय म्हणाली असशील? मला दोन दिवस जेवण गेलं नाही, तेव्हा माझं वजन कमी करण्याचं श्रेय तू घेऊन टाक.

कुसुमबाईंवर रागावू नकोस. रागावलीस तर मी त्यांनाच मैत्रीण करून घेईन.

आता नीट ऐक. बन्सीला सगळं सांगितलं. तो विचारतो आहे: रक्त पडतं का? ताप येतो का? रात्री किती वेळा उठावं लागतं? वजन किती उतरलं? तंबाखू, मिश्री, काही? कसल्या कसल्या गोळ्या चालू आहेत, पोटाच्या आणि इतर सगळ्या? लिहायला लाज वाटत असेल तर शाळेतल्यासारखं लिही. बोर्डिंगमध्ये संडास पियानोच्या खोलीमागे होते आणि आपण सगळ्या भर वर्गात ‘सिस्टर, पियानोला जाऊन येते’ म्हणायचो. नव्या आलेल्या सिस्टरांना वाटायचं, काय ही संगीताची आवड!

तेव्हा सांग, पियानो किती वाजतो?

आणि इकडे येताना एसटीने नको, मानवत रोडहून गाडीने ये. गाडीत पियानो असतो.

तुझी,
नर्मदा


मानवत,
२५ ऑक्टोबर १९९१

प्रिय नर्मदे,

कुसुमशी अबोला धरला होता. ती दुपारी येऊन माझ्यासमोर पेपर वाचत बसली, मोठ्याने, सगळ्या बातम्या चुकीच्या वाचत. मला दुरुस्त करावंच लागलं.

पियानो दिवसभर वाजतो आणि रात्री मैफल असते. रक्त नाही, ताप नाही. वजन काट्यावर बघायचं धाडस केलं नाही, पण बांगड्या कोपरापर्यंत जातात. मिश्री मी लावत नाही, ते केशरबाईचं खातं. गोळ्या म्हणशील तर पोटाच्या सगळ्या घेऊन झाल्या, पांढऱ्या, गुलाबी, जंतांच्यासुद्धा. दुसरा आजारच मला नाही. रक्तदाब नाही, साखर नाही, आणि गुडघ्यांना आमचं तेल आहे.

खाण्याचं विचारलं होतंस. आधी दूध सोडलं, मग तुरीची डाळ, मग वांगं, मग मिरची, शेवटी चहा. चहा सोडला त्या दिवशी मला हे गेल्याचं दुःख नव्याने झालं, कारण चहा ते करायचे. आता ताकभात आणि शेजारणींचे सल्ले एवढ्यावर जगते. जायफळ उगाळून झालं, डाळिंबाची साल झाली, बेलाचा मुरंबा झाला. चांगुणाबाईने मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली आणि म्हणाली, “बाई, तुमी लय वाळायलाव. येवढं कुनाच्या डोळ्यात आलाव तुमी?”

तुला एकटीला सांगते. आईचे शेवटचे महिने मी तिची लुगडी बदलली आहेत. तिची मनगटं कशी झाली होती ते मला पाठ आहे. हल्ली भांडी घासताना माझीच मनगटं दिसतात आणि मी दुसरीकडे बघते.

मी येते. कुसुम बरोबर येते. पण माझी अट आहे: ‘तसलं’ काही निघालं तर बन्सीने मला इंग्रजीत सांगायचं. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्याचा तेवढा तरी उपयोग. मराठीत मला ते सहन होणार नाही.

तुझी,
कमल


हैदराबाद,
५ डिसेंबर १९९१

प्रिय कमल,

पत्र फोडायचा तुला धीर होणार नाही, म्हणून पहिल्या ओळीत मराठीतच सांगते: ते नाही. ते अजिबात नाही. आता बस, कुसुमबाईंना हाक मार, पाणी पी आणि मग पुढचं वाच.

इथे नळी घालून बघितलं तेव्हा बन्सी म्हणाला होता ना, सगळं ठीक दिसतंय, आणि तू माझ्याकडे बघितलंस, ‘मग काय मी नाटक करते?’ अशा नजरेने. पण त्याने आतड्याचे बारीक बारीक कण काढून तपासायला दिले होते. त्याचा निकाल काल आला. तो स्वतः घरी आला, खुर्चीवर उलटा बसला (तो खूश असला की तसा बसतो) आणि म्हणाला, “काकू, कमलमावशींचं आतडं डोळ्यांना घासलेल्या ताटासारखं स्वच्छ दिसतं. पण सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर अस्तराला सूज आहे. नावच त्याचं मायक्रोस्कोपिक कोलायटिस. दुर्बिणीला दिसत नाही, म्हणून वर्षानुवर्षं कोणाला सापडत नाही आणि लोक म्हणतात, बाईच्या मनाचा खेळ आहे.”

मी त्याला पहिल्यांदा विचारलं, याचा पुढे कॅन्सर होतो का? म्हणाला, नाही. धोका वेगळा आहे. अंगातलं पाणी जातं, क्षार जातात, वजन जातं, चक्कर येते, आणि तू पडलीस तशी कोणी दगडावर पडली तर हाड जातं. त्याहून मोठा धोका, म्हणाला, माणूस घरात कोंडून घेतं आणि एकेक पदार्थ सोडत उपाशी मरायला लागतं. तुझा ताकभात त्याने तोंडपाठ करून ठेवलाय.

मग मी विचारलं, हे होतं कशाने? तो म्हणाला, पुरतं कोणालाच ठाऊक नाही. पन्नाशी उलटलेल्या बायकांना जास्त होतं. शरीराची राखण करणारी यंत्रणाच घरच्या माणसांवर भुंकायला लागते. तंबाखू ओढणाऱ्यांना होतं. थायरॉईडवाल्यांना होतं, पण तुझं ते चांगलं आहे. आणि पुष्कळदा, म्हणाला, अंगदुखीच्या, सांधेदुखीच्या गोळ्या महिनोन्‌महिने घेणाऱ्यांना होतं. “पण मावशी तर काहीच घेत नाहीत,” म्हणून तो उठला.

कमल, तो गेल्यावर मी गुडघा चोळत बसले होते. तुझ्याच तेलाने. महिन्यांमागून महिने चोळते आहे आणि अजून पलंगावरून उठताना मला देव आठवतो. आणि तू? इथे आलीस तेव्हा तुझ्यात उभं राहायचं त्राण नव्हतं, पण तू आणि मेहरू जमिनीवर बसून सागरगोटे खेळलात आणि तू टुणकन उठलीस, हात न टेकता. मेहरूला आम्ही तिघींनी मिळून उठवलं. तेल तेच, वय तेच. तुझं तेल माझ्या गुडघ्याला ओळख दाखवत नाही, आणि तुझ्या गुडघ्याचे एवढे लाड का करतं?

गुडघ्यांसाठी काय घेतेस ते मला सांग.

तुझी,
नर्मदा


(पोस्टकार्ड)
मानवत,
१२ डिसेंबर १९९१

नर्मदे, पत्र पोचलं. बातमीबद्दल उपकार. मी रडले, कुसुमही रडली, मग दोघींनी चहा केला. बन्सीधरला आशीर्वाद. माझ्या सासूबाईंच्या तेलावर शंका घेण्याचं तुला कारण नव्हतं. हे कार्ड आहे आणि आमचे पोस्टमन आवडीने वाचतात, म्हणून अधिक लिहीत नाही. पोस्टमनदादा, नमस्कार.
कमल


मानवत,
६ जानेवारी १९९२

प्रिय नर्मदे,

हे पाकीट आहे, डिंक लावून वर शिवाय सेलोटेप लावली आहे.

घेते. म्हणजे घेत होते. सकाळी एक, रात्री एक. परभणीला आमचा जुना विद्यार्थी चंद्रभान याचं औषधाचं दुकान आहे. पहिल्यांदा दिल्या तेव्हा तो म्हणाला होता, “बाई, आठ दिवस घ्या आणि डॉक्टरांना दाखवा.” नंतर मी कोणाकोणाबरोबर चिठ्ठी देऊन मागवत राहिले. तो दर वेळी निरोप धाडायचा, डॉक्टरांना दाखवलं का? मी दर वेळी ‘हो’ म्हणून कळवायचे. त्याला मी खोटं न बोलण्यावर निबंध लिहायला लावले आहेत.

बन्सीधरला फसवायचं माझ्या मनात नव्हतं. तो पोटाचं विचारत होता आणि मला वाटे, गुडघ्याच्या गोळीचा पोटाशी काय संबंध? गिळली की ती सरळ गुडघ्यात जाते असं आपल्याला कोणी शिकवलं नव्हतं, पण मी तसंच धरून चालले. मात्र कुसुमसमोर विचारलं तेव्हा मी मुद्दाम तेलाचं नाव घेतलं. ते खरं.

हे गेले त्यानंतर माझे गुडघे बसले. एका गुरुवारी सतरंजीवरून उठताना मी भिंत धरली. कोणी काही बोललं नाही. पण पुढच्या गुरुवारी दोघी कमी आल्या. लग्नसराई असेल, पाऊस असेल. मला मात्र त्या दोन रिकाम्या जागा दिसल्या. तेल करणारीच भिंत धरून उठते, तर तेलाला कोण येणार? आणि त्या आल्या नाहीत तर, नर्मदे, या घरात माझ्याशिवाय आवाज करणारी एक कढई तेवढी आहे.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी गोळ्या बंद केल्या. पंधरवडा काही फरक पडला नाही, मी तुला मनात भरपूर बोलून घेतलं. मग हळूहळू रात्रीची मैफल थांबली. परवा सकाळी जाग आली तर खिडकीत ऊन होतं. मी घाबरले, मला वाटलं मी आजारी पडले. कितीतरी महिन्यांनी रात्रभर झोपले होते, एवढंच.

आता गुडघे बोलतात. मोरीतून खोलीत यायचं म्हणजे मोठा प्रवास. दोन गुरुवार मी स्टुलावर बसून काढले, म्हटलं कंबर धरली आहे. तिसऱ्या गुरुवारी काय सांगू? एकदा वाटतं, एक गोळी घ्यावी, फक्त गुरुवारची.

तुझी,
कमल


हैदराबाद,
१३ जानेवारी १९९२

प्रिय कमल,

गुरुवारची गोळी घेतलीस तर शुक्रवारी मी तुझ्या दारात उभी राहीन, आणि मला उठायला-बसायला चार माणसं लागतात, विचार कर.

बन्सी रागावला नाही. उलट म्हणाला, “काकू, तुमचा सागरगोट्यांचा तपास माझ्या तपासापेक्षा बरा निघाला.” त्याचं सांगणं असं: त्या गोळ्या नाहीत, आणि त्या जातीच्या दुसऱ्याही नाहीत, नाव आणि रंग बदलून कोणी दिल्या तरी. फार दुखलं तर साधी तापाची गोळी, तीही त्याला विचारून. काठी घे. मांड्या बळकट करायचे व्यायाम वेगळ्या कागदावर आहेत, मीही करते आहे, घरात नोकरांची करमणूक होते. मीठ-साखरेचं पाणी चालू ठेव. आणि सोडलेलं एकेक खायला लाग, डाळ आधी. बऱ्याच जणींचं एवढ्याने भागतं. नाहीच भागलं तर आतड्याच्या सुजेवर औषध आहे, पण आता तरी नको म्हणतो.

बायकांना सांगायचं की नाही, ते मी तुला सांगणार नाही. ती ओसरी तुझी आहे. पण बन्सीने जाता जाता एक प्रश्न विचारला आणि तो मला सोडत नाही. तो म्हणाला, मावशींनी हे इतके महिने लपवलं. मग त्यांच्याकडे येणाऱ्या बायकांपैकी आणखी कोणी लपवत नसेल कशावरून?

तुझी,
नर्मदा


मानवत,
१ फेब्रुवारी १९९२

प्रिय नर्मदे,

परवा गुरुवार होता. मी कुसुमला बोलावून घेतलं, म्हटलं, माझा धीर सुटला तर तू सांग. ती म्हणाली, “मी भूगोलाची, मला नाही जमायचं,” आणि खांबाला टेकून बसली.

स्टूल आत ठेवलं. काठी घेऊन सगळ्यांच्या देखत सतरंजीवर बसले. बसले म्हणजे पडलेच. आणि सांगून टाकलं. गोळ्यांचं, पोटाचं, कशाने चक्कर आली, समाजमंदिरातून का परत फिरले, सगळं. बोलताना मी फक्त वाटीतल्या तेलाकडे बघत होते.  

मग तानुबाईने पदराची गाठ सोडली आणि दोन गोळ्या माझ्यासमोर धरल्या. त्याच जातीच्या, जावयाने आणून दिलेल्या. “मी बी हीच घ्यायले की बाई. पोटात आगीवानी जळतंय, म्हनलं मिरचीनं आसंल.” कुसुम लगेच उठली आणि सोमवारी तिला परभणीच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं ठरवूनही टाकलं. जावयाचा उद्धार झाला तो मी लिहीत नाही.

गडबड जरा शमल्यावर मी म्हटलं, “तर बायांनो, तेलाने माझे गुडघे कधीच बरे झाले नव्हते. तुम्ही आता उगाच इतक्या लांबून येऊ नका.”

चांगुणाबाईने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी इंग्रजीत बोलले.

“बाई,” ती म्हणाली, “तेलानं गुडघे बरे व्हत्यात आसं तुमाला कोन म्हनलं?”

“मग इतकी वर्षं येता कशाला?”

“आता बगा! घरी बूड टेकलं की लगीच हाक. सून हाक मारती, नातू हाक मारतंय, म्हातारा तर बसूच देत न्हाई. गुडघ्याला बाईचं तेल लावलंय, सुकंपातूर हलायचं न्हाई, म्हनलं की कुनाची टाप न्हाई उठ म्हनायची.”

“आन्‌ तुमी त्ये बंद करता व्हय?” केशरबाई मागून ओरडली. “पोट बिघडलं तुमचं, आन्‌ शिक्षा आमाला!”

नर्मदे, कुसुम इतकी हसली की तिला ठसका लागला. मीही हसले, पण माझ्या डोळ्यांतून दुसरंच काहीतरी यायला लागलं. चांगुणाबाईने ते बघितलं न बघितल्यासारखं केलं. वाटी माझ्या हातातून ओढून घेतली, माझा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला आणि चोळायला लागली. तिचे हात शेतात राबलेले, खरखरीत. मी नको नको म्हणत होते. ती म्हणाली, “गप बसा. रोज तुमीच चोळायचं व्हय?”

गुडघ्याला काडीचा फरक पडला नाही, तसं बन्सीधरला सांग. पण दुपारी तेल लावून बसले ती दिवेलागणीपर्यंत एकदाही उठले नाही.

तुझी,
कमल